तीनदा उघडलेला पत्ता

शाळेतल्या करमरकर मॅडम नसत्या तर आज मी ग्वाल्हेरजवळच्या आमच्या गावी, डबऱ्यात, बाबांबरोबर टेम्पो चालवत असतो. घरातला पहिला पदवीधर मी. माझा कॉलेजचा फॉर्मसुद्धा त्यांनीच शेजारी बसून भरून घेतला होता. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही नाही. तरी हे लिहितोय.

ग्वाल्हेरला नया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. आम्ही लोकांच्या वेबसाइट सांभाळतो. नर्सिंग प्रवेशाच्या एका साइटवर नेमका शेवटच्या दिवशी, भर दुपारी हल्ला झाला. चोरी नाही — जगभरातले हजारो कॉम्प्युटर एकदम साइटचं दार ठोठावतात, आणि खऱ्या माणसाला आत यायला जागाच उरत नाही. अशा वेळी जो इंटरनेट-पत्ता फार वेळा ठोठावतो, तो आम्ही बंद करतो.

पत्ते बंद करत गेलो, साइट जरा हलू लागली. फक्त एक पत्ता... बंद केला की थोड्या वेळाने पुन्हा उघडा.

"भैया, ये आपने खोला?" मी शेजारच्या तोमर भैयांना विचारलं.

"मैंने माउस तक नहीं छुआ. तू ही खोल रहा होगा, सुबह से चाय जो नहीं पी!"

तिसऱ्यांदा उघडला तेव्हा तो काय मागतोय ते पाहिलं. फोटो चढवणं, मार्कशीट चढवणं, दर वेळी नवीन नाव. गाव — डबरा. डबऱ्यात पोरींचे फॉर्म अजूनही मॅडमच भरून घेतात. मी त्यांना फोन लावला.

"बरं झालं रे संतोष! खोलीभर पोरी बसल्यात, सगळ्यांना मिळून एकच इंटरनेट. साइट आत घेते, बाहेर ढकलते, परत आत घेते... रुखसारचे अब्बू म्हणालेत, आज फॉर्म गेला नाही तर पढाई बंद."

मग मी त्या पत्त्याला हात लावला नाही. संध्याकाळी मॅडमचा मेसेज आला — सगळ्यांचे फॉर्म गेले.

आमच्या सिस्टिममध्ये प्रत्येक बदलाची नोंद होते. मी तीनदा बंद केल्याची नोंद आहे. उघडल्याची एकही नाही. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, असं होऊच शकत नाही.

हे सगळं मी मॅडमना फोनवर सांगितलं होतं. शेवटी त्यांना पत्र लिहिलं:

आदरणीय मॅडम,
सा. न. तुम्ही म्हणता देवाने केलं. मला तसं म्हणवत नाही, आणि दुसरं काही सुचतही नाही. आता कुठलाही पत्ता बंद करण्याआधी तिथे कोण बसलं असेल ते मी बघतो. हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एक रिकामा, ज्यामागे कुणीच बसलेलं नाही असा पत्ता बंद करून ठेवला, तोही उघडतो का ते पाहायला. रोज बघतो. तो अजून बंदच आहे.
तुमचा,
संतोष