आमराईतली एकपानी

कुंडीतली ओली माती उकरली, की त्या कुजक्या पानांच्या वासाने मला लखनौजवळच्या बख्शी का तालाब गावापलीकडची आमराई आठवते. वनस्पतींच्या अभ्यासातल्या माझ्या वरिष्ठ, ज्यांना आम्ही ताई म्हणायचो, तिथे एकपानी नावाचं रानातलं एक छोटं ऑर्किड शोधत होत्या. त्याचं फूल आधी येऊन जातं आणि मग पावसाळ्यात जमिनीलगत एकच बदामाच्या आकाराचं पान उगवतं. त्या दुपारी आमराईत अंधारून आलं होतं, पाखरांचाही आवाज नव्हता. एका जुन्या झाडाखाली ती पानं दिसली, अगदी दाट. ताईंनी आनंदाने खुरपं घालून एक कंद वर काढला, तेवढ्यात मागून आवाज आला, "हाथ मत लगाइए, हमारी ननद सोई है वहाँ." बागेची म्हातारी मालकीण उभी होती. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की पानं बरोबर माणसाएवढ्या लांबीत होती आणि त्याबाहेर एकही नव्हतं. ताईंनी कंद परत ठेवला, माती दाबली आणि पुटपुटल्या, "चुकलं, बाई." म्हातारी शांतपणे म्हणाली, "हिंदी में कहिए. उसे आपकी बोली कहाँ आती है." देवळातही हात न जोडणाऱ्या ताईंनी हात जोडले, "माफ़ कर दीजिए," म्हणाल्या. म्हातारी मान कलती करून थोडा वेळ जमिनीकडे कान देऊन राहिली. मग म्हणाली, "अच्छा, अब जाइए." एकदा खणलेली माती भुसभुशीत असते, कंद तिथेच पसरतात, हे आता मीच विद्यार्थ्यांना शिकवते. पण रानात कुठे अशी दाट पानं दिसली, की मी आधी त्यांची लांबी बघते.