बुटांचा चिखल

दुष्काळाच्या त्या वर्षी माझं धावणं घागरीपासून सुरू व्हायचं. चारला उठायचो. दोन घोट पाणी, जास्त नाही. मग डाव्या बुटाची नाडी, मग उजव्याची. मग रिकामी घागर उचलून गल्लीच्या तोंडाशी रांगेत ठेवायची आणि तिथूनच पळत सुटायचं.

घागर म्हणजे माणसाचा नंबर. टँकर येईपर्यंत ती माणसाच्या जागी उभी राहायची, कुणी तिला हात लावत नसे. पण टँकर आला की घागरीमागं माणूस दिसलं पाहिजे. नसेल तर मागची बाई पायानं घागर बाजूला सारायची आणि पुढं व्हायची. त्यावरून कुणी भांडायचं नाही. टँकर कारखान्याचा होता, सहकारी साखर कारखान्याचा, हिरवा, डाव्या अंगाला पोचा गेलेला. साडेसातच्या सुमारास यायचा. तोवर मी परतलेलो असायचो.

गावाबाहेर कालव्याच्या कडेनं कच्चा रस्ता जातो. कालवा तेव्हा कोरडा, तळाला भेगा पडलेल्या. मी चौथ्या पुलापर्यंत जाऊन मागं वळायचो. पहिल्या दोन पुलांपर्यंत सगळं दुखायचं. तिसऱ्या पुलाच्या पुढं श्वास आणि पाय एकमेकांना ओळखायला लागायचे, आणि मग आपण धावतो आहोत हेच विसरायला व्हायचं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो, दिवसभर पुस्तकांवर शिक्के मारतो. मोठ्यानं बोलायची सवय नाही. तिसऱ्या पुलाच्या पुढं मात्र मी हसायचो, हे मला ठाऊकही नव्हतं. शेळ्या चारणाऱ्या बायांनी आईला सांगितलं.

"मावशी, तुमचं पोरगं बिघडलंय. एकटंच हसत पळतंय."

आई म्हणाली, "घरी तर दात दावत न्हाई. तितं तरी हसू द्या."

मला मात्र ती टोचायचीच. "गावाला प्यायला न्हाई आन ह्यो घाम गाळत हिंडतोय. घाम बी पाणीच असतंय की रं." आल्यावर मी आंघोळ करत नसे. ओल्या पंच्यानं अंग पुसायचो, पंचा पिळून निघालेलं पाणी ती कढीपत्त्याला घालायची. "खारट झालं बग झाड तुज्यामुळं. कढी आळणीच करत जाते आता."

उन्हाळ्याच्या मध्यावर कारखान्यानं दौड ठेवली. फलकावर लिहिलं होतं: पाणी वाचवा. आमच्या गावच्या कमानीपासून कालव्याच्या रस्त्यानं कारखान्याच्या फाटकापर्यंत. मी कधी कुणाबरोबर पळालो नव्हतो. त्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा मला पाठ होता, म्हणून नाव दिलं. दौड सातला होती. म्हणजे टँकरला मी नसणार.

"जा," आई म्हणाली. "घागरीमागं मी हुबी ऱ्हाते. नंबर काय पळून जात न्हाई."

पुढं जे लिहितो आहे ते मी तिला कधी सांगितलं नाही.

कारखान्याच्या चेअरमननी झेंडा दाखवला आणि आम्ही निघालो. आमच्या पुढं एक टँकर चालला होता. मागच्या आडव्या नळीतून रस्त्यावर पाणी सोडत, धूळ बसावी म्हणून. पाहुण्यांच्या गाड्या मागून यायच्या होत्या. टँकर हिरवा होता. डाव्या अंगाला पोचा होता. मी तो पहिल्या पुलाच्या आधीच ओळखला. गल्लीत जायचा टँकर इथं आहे हे मला कळलं. थांबावं, ओरडावं, ड्रायव्हरच्या दारावर थाप मारावी, यातलं काही मी केलं नाही. तोंडावर तुषार येत होते. पायाखालची माती मऊ झाली होती. आयुष्यात इतकं सुंदर मी कधी धावलो नाही. तिसऱ्या पुलाची वाट पाहावी लागली नाही, पहिल्यापासूनच पाय माझे नव्हते. इथून सुटला की जाईल गल्लीत, एवढंच मी स्वतःला सांगितलं.

माझा दुसरा नंबर आला. मग मंडपात भाषणं झाली. पाण्याच्या थेंबाचं मोल चेअरमननी बराच वेळ सांगितलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हातात लाकडी ढाल घेऊन अकरापर्यंत तिथंच बसलो.

टँकर गल्लीत गेलाच नाही. "आला, आला" म्हणून दोनदा आवई उठली, त्यामुळं कुणी सावलीला गेलं नाही. आई घागरीमागं साडेदहापर्यंत उन्हात उभी होती. मग पडली. खुब्याचं हाड मोडलं.

मी पोचलो तेव्हा तिला दारातल्या बाजेवर निजवलं होतं, बीडला न्यायला जीप यायची होती. मी तसाच उंबऱ्याशी उभा राहिलो.

"कावून आला न्हाई रं टँकर?" तिनं विचारलं.

"बिघडला होता म्हणे," मी म्हणालो.

ती जरा वेळ माझ्या पायांकडं पाहत राहिली आणि तिनं डोळे मिटले. दवाखान्यातून परत आल्यावर तिनं ढाल मागून घेतली, तिच्यावरून हात फिरवला. "लाकूड बरं हाय. रांजणाला झाकण न्हवतंच." दीड महिन्यानं ती गेली.

पुढच्या उन्हाळ्यात कारखान्याची जीप गल्लीत आली. बाया रांगेत होत्या, मी घागरीमागं होतो. जीपमधला माणूस म्हणाला, "सर, औंदा पयला नंबर मारायचा. रस्ता झ्याक भिजवणार हाओत, धुळीची काळजी न्हाई."

मी ओरडलो. काय काय बोललो ते आठवत नाही, एवढं आठवतं की त्याच्या हातातला कागद मी फाडला आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो, "मागच्या साली आपला टँकर रस्ता भिजवत होता. मी पाहिला होता. मी त्याच्या मागं पळत होतो."

जीप गेली. माझ्या मागच्या नंबरची म्हातारी, आईची मैतरीण, घागरीवर हात ठेवून म्हणाली, "ठावं हाय आमाला. तुज्या बुटाला चिखल हुता त्या दिशी. गावात थेंब न्हाई आन बुटाला चिखल. तुज्या आईनंच दावला मला."

"मग मला काही बोलली का नाही?"

"म्या बी तेच इचारलं. म्हणली, ऱ्हाऊ दे. तितंच तेवडा हसतोय त्यो."

मला हे नको होतं. शिव्या दिल्या असत्या, ढाल चुलीत घातली असती, तर मी धावणं सोडून मोकळा झालो असतो. तिनं ते धावणं माझ्यासाठी राखून ठेवलं, चेअरमनच्या पाण्यानं भिजलेलं. मी अजून धावतो. पण आता टँकर येऊन गेल्यावर, आठाच्या उन्हात. घागर भरून रांजणात ओततो, वर ढाल ठेवतो, मग बूट घालतो. दोन पुलांपर्यंत माझा राग माझ्याबरोबर नीट पळतो. तिसऱ्या पुलाच्या पुढं तो मागं पडतो, आणि शेळ्यांमागच्या बाया माझ्याकडं बघतात, तेव्हा मला कळतं की मी पुन्हा हसतो आहे. त्याचाही मला राग येतो.