चारशे पानांचं पुस्तक आणि माझी खुर्ची

चार माणसं दर आठवड्याला एकाच टेबलाशी बसायला लागली की किस्से आपोआप साचतात. आमच्याकडे ते जरा जास्तच साचले, कारण आमच्याकडे खेळायला एक खेळ होता आणि भांडायला चारशे पानांचं पुस्तक!

खेळ आधी सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पत्ते समजाल. एक जण गोष्ट सांगतो, तो गेम मास्टर. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. "मी भिंत चढतो" असं कोणी म्हणालं की फासा टाकायचा, आणि जमलं की फसलं ते ठरतं. बस, एवढंच. अकोल्यात जठारपेठेत माझ्या घरी दर रविवारी दुपारी आम्ही हा खेळ मांडतो. आठ वर्षं झाली.

मी शाळेत भूगोल शिकवते. नकाशे काढायची आणि दमात घ्यायची सवय असल्यामुळे गेम मास्टर मीच. खेळणारे तिघं. बाळापूरच्या तहसीलमधले क्लार्क गजूभाऊ, अमरावतीच्या कोर्टात वकिली करणारी वैशाली, आणि तेल्हाऱ्याचा दिनेश. दिनेशची शेती आहे, डिग्री आहे आणि तोंड तर आहेच आहे! त्याचं खेळातलं पात्र म्हणजे गोमाजी पैलवान. आठ वर्षं तोच एक गोमाजी.

माझं स्वतःचं पात्र? एकही नव्हतं. एकदा तरी मला पलीकडच्या बाजूला बसायचं होतं, पण मास्तरकी घ्यायला कोणी तयारच नव्हतं. "तुमच्यासारखं कोनाले जमते, मॅडम?" असं गजूभाऊ म्हणायचे आणि मी फुगून परत खुर्चीत बसायची.

*

पुस्तक यायच्या आधी आमचा नियम एकच होता. सहा पडला तर जमलं, एक पडला तर फसलं, मधलं सगळं मी ठरवणार. म्हणजे सगळं माझ्या मूडवर!

हे सगळ्यात आधी दिनेशनं ओळखलं. गोमाजीला काही अवघड करायचं असलं की तो येताना पिशवीभर उकडलेल्या शेंगा आणायचा.

एकदा किल्ल्याची सरळसोट भिंत होती आणि फाशावर पडले दोन. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यानं शेंगांचं ताट माझ्यापुढं सरकवलं.

"ताई, आधी खाऊन घ्या. मंग सांगा, गोमाजी चढला का पडला."

चढला हो! काय करता? शेंगा फार चांगल्या होत्या.

वैशाली तेव्हाच म्हणाली होती, "ताई, आमच्याकडे याला वेगळं कलम आहे."

*

मग गजूभाऊंनी पुस्तक मागवलं. चारशे पानं, सोबत वीस बाजूंचा फासा. प्रत्येक गोष्टीला नियम. चढायचा, पडायचा, लपायचा, घाबरायचा, उपाशी राहायचा! गजूभाऊंनी त्याला खाकी कव्हर घातलं, रंगीत चिठ्ठ्या लावल्या आणि पहिल्या पानावर चक्क आवक क्रमांक टाकला.

"आता तोंडी आदेश बंद, मॅडम," ते म्हणाले. "जे हाये ते लेखी."

मला ते मुळीच आवडलं नाही, खोटं कशाला सांगू? सगळं पुस्तकच ठरवणार असेल तर मी कशाला हवी? आठ वर्षांची खुर्ची खाकी कव्हरातल्या पाहुण्याला द्यायची का? त्या रात्री मी पुस्तक घरी ठेवून घेतलं आणि शत्रूची माहिती काढावी तसं वाचायला बसले.

पहिल्या रविवारी तीन लांडगे अंगावर आले. आधीच्या काळात दहा मिनिटांत निकाल लागला असता. आता कोणाचा नंबर आधी, अंधारात किती दिसतं, लांडगा मागून आला की बाजूनं, सगळं पान उघडून बघायचं. दुपारी दोनला सुरू झालेली मारामारी साडेपाचला संपली.

शेवटचा लांडगा पडला तेव्हा दिनेश म्हणाला, "त्याले कोनी मारलं नाही, राजेहो. वाट पाहून पाहून मेला तो बिचारा!"

*

पुस्तकात वजनाचासुद्धा नियम आहे. अंगावर चाळीस किलोंच्या वर ओझं असेल तर पळता येत नाही. आणि गोमाजीला तर जळत्या वाड्यातून जखमी सोबत्याला खांद्यावर टाकून पळायचं होतं.

"नाही जमत," गजूभाऊ म्हणाले. "पान एकशे बारा."

दिनेश भडकला. "काहून नाही जमत? मी कापसाचे गठ्ठे उचलून ट्रॉलीत फेकतो. मले हे पुस्तक शिकवून राहिलं?"

"तुमचं नाही, माणसाचं लिवलं हाये."

"मंग मी काय म्हैस हावो?"

एवढं बोलून त्यानं सत्तर किलोंच्या गजूभाऊंना उचललं, खांद्यावर टाकलं आणि अंगणात निघाला. शेजारच्या काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या हातातली साडीच पडली.

"अगं बाई! यांना चक्कर आली का काय?"

गजूभाऊ उलटे लटकलेले, चष्मा एका कानावर. पण आवाज ऑफिसातला!

"काही नाही, काकू. नियम तपासून राहिलो!"

मग तसंच लटकून दिनेशला म्हणाले, "हे चालनं झालं. नियम पळायचा हाये. पळा!"

दिनेश पळाला. आठवड्याभरानं पान एकशे बारावर गजूभाऊंच्या अक्षरात शेरा दिसला. "तेल्हारा तालुका वगळून."

*

वैशालीची तऱ्हा वेगळी. ती दिवसभर कोर्टात कायदा पाळायला सांगते आणि रविवारी आमच्याकडे चोर होते. पुस्तक आल्यापासून तिला तर रानच मोकळं मिळालं. लपण्याचा नियम एका पानावर एक सांगतो आणि दुसऱ्या पानावर थोडा वेगळा, हे तिनंच शोधून काढलं.

त्यावर तिनं पाऊण तास बाजू मांडली. उभं राहून! मी शेवटी सांगितलं, "पहारेकऱ्याला तू दिसलीस. विषय संपला."

तिनं पुस्तक मिटलं. "म्हणजे कायदा माझ्या बाजूनं, न्यायाधीश माझ्या विरुद्ध. त्याच्यासाठी मी अमरावतीहून इथवर कशाला आली? हे तर मले सोमवारी माझ्याच कोर्टात भेटते!"

पण जाताना दारात थांबून म्हणाली, "ताई, पूर्वी तुम्ही निकाल द्यायच्या तेव्हा वाद घालताच यायचा नाही. आता मजा येते."

मला तो टोमणा वाटला. नंतर कळलं की कौतुक होतं.

*

आणि मलाही मजा यायला लागली, हे मी कबूल करते. कशी ते सांगते.

दोन महिने खपून मी एक डाकूंचा सरदार तयार केला होता. तो आधी निसटणार, मग मध्ये पत्र पाठवणार, मग शेवटी किल्ल्यावर भेटणार. सगळं वहीत लिहून तयार! पहिल्याच अर्ध्या तासात वैशालीनं त्याच्यावर जाळं टाकलं. वीस पडले. आधीच्या काळात मी म्हटलं असतं, "थोडक्यात हुकलं हो!" आता तिघांनीही पान पाहिलेलं. सरदार जाळ्यात. माझे दोन महिने पाण्यात.

"आता पुढं काय होणार?" वैशालीनं विचारलं.

"मलाच माहीत नाही!" मी म्हणाले, आणि मला हसूच फुटलं. आठ वर्षांत मी ते वाक्य पहिल्यांदा बोलले होते. पेपर काढणाऱ्याला परीक्षेची धडधड कुठली असणार? ती त्या दिवशी मला लागली.

तेव्हापासून पुस्तकाशी माझं पटलं. मी ठरवणारी बाई राहिले नाही, पण प्रश्न विचारणारी झाले, आणि हे काम मला जास्त चांगलं जमतं. खुर्ची कुठे गेली नाही.

एक मात्र झालं. दहावीच्या वर्गात एका मुलीनं "बाई, पाणी प्यायला जाऊ?" असं विचारलं आणि मी नकाशातून मान वर न करता म्हणाले, "फासा टाक."

अजून त्या वर्गाला वाटतं की हा भूगोलातलाच काहीतरी प्रकार असावा.

*

आता गोमाजीचं.

मागच्या हिवाळ्यातला रविवार. बाकीच्यांना खिंडीतून बाहेर पडायचं होतं. मागून फौज येत होती. गोमाजी एकटा तोंडाशी उभा राहिला आणि म्हणाला, "तुमी निंगा." दिनेशनं फासे टाकले, दोन वार परतवले. तिसरा वार माझा होता. अठराच्या वर पडले की गोमाजी संपला, हे टेबलाशी सगळ्यांना ठाऊक.

मी माझे फासे अ‍ॅटलास उभा करून त्याच्या आड टाकते. टाकला. एकोणीस.

आठ वर्षांचा गोमाजी! माझ्या तोंडून निघून गेलं, "हुकला."

दिनेशनं अ‍ॅटलासकडे बोट दाखवलं.

"ताई, अ‍ॅटलास खाली करा."

"अरे, हुकला म्हणते ना मी."

"खाली करा वो."

केला. एकोणीस तसाच पडलेला होता.

"आठ वर्सं तुमी मले वाचवून राहिल्या," तो म्हणाला. "मले मालूम हाये. कड्यावरून पडलो तवा, इख चढलं तवा. तवा काही वाटलं नाही. पन आज गोमाजी सोताच्या हिमतीनं उभा राह्यला. आज तुमी त्याले वाचवलं, तं हे लोक बाहेर निंगाले ते कोनाच्या जोरावर निंगाले? तुमच्याच ना?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते लपवलंही नाही. मग मी पुस्तकातलं मरणाचं पान मोठ्यानं वाचलं, आणि गोमाजी मेला.

वैशाली रडली. गजूभाऊंनी खिशातून लाल पेन काढला, गोमाजीच्या कागदावर वर कोपऱ्यात "मयत" लिहिलं आणि दिनेशला विचारलं, "तलवार हाये, घोडा हाये, खिंडीतली जागा हाये. वारस कोन लावाचा?"

दिनेश क्षणाचाही विचार न करता म्हणाला, "ताईले लावा."

"अरे, मी कशी?" मी म्हणाले. "मी मास्तर आहे!"

"मास्तरले वारस लावता येत नाही, असं कोठी लिवलं हाये काय, गजूभाऊ?"

गजूभाऊंनी पाऊण तास पुस्तक चाळलं. चहा झाला, परत चहा झाला. शेवटी चष्मा वर करून म्हणाले, "मनाई नाही."

पण माणूस तहसीलचा! लगेच नोंद कशी होणार? त्यांनी स्वतःच्या हातानं नोटीस लिहून माझ्या हॉलच्या भिंतीला चिकटवली. मयत गोमाजी पैलवान यांचे वारस म्हणून नोंद घेणे आहे, कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. पंधरा दिवस घरी येणारा प्रत्येक माणूस ती वाचून मला विचारायचा, "कोण गेलं हो?"

हरकत आली नाही. तिसऱ्या रविवारी गजूभाऊंनी नवीन कागदावर माझं नाव लिहिलं, सही केली आणि मला टेबलाच्या पलीकडे बसवलं. गोमाजी गेल्यामुळे रिकामा झालेला दिनेश माझ्या खुर्चीत. समोर पुस्तक, कपाळावर घाम.

"ताई," तो म्हणाला, "समोर नदी हाये. भल्ला पूर आला हाये. काय करता?"

"पोहून जाते," मी म्हणाले.

त्यानं चार पानं उलटली, मागं गेला, पुढं आला. "गजूभाऊ, पोहाचं पान कोनतं?"

गजूभाऊंनी हाताची घडी घातली. "मले नोका इचारू. मास्तर तुमी हा."

दिनेशनं माझ्याकडे पाहिलं. मग पुस्तक तसंच उघडं ठेवून वीस बाजूंचा फासा माझ्या तळहातावर ठेवला.

"टाका, ताई. आन आधीच सांगून ठेवतो, मी तुमाले वाचवनार नाही!"