आमच्या पोराचा कोपर

संशय घेणं हा माझा स्वभाव आहेच, पण त्याचा मला पगारही मिळतो. दुबईतल्या एका ट्रेडिंग कंपनीत मी इंटर्नल ऑडिटला आहे. त्यामुळे नवरा एका शनिवारी एका गोऱ्या म्हाताऱ्याला घेऊन अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमध्ये आला आणि म्हणाला, "अगं, हे आपल्या मुलाला बेसबॉलच्या टीमसाठी बघतायत," तेव्हा मी त्याला स्वयंपाकघरात ओढलं आणि विचारलं, "अहो, पासपोर्ट दिला नाहीत ना?"

गल्फमध्ये इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळतं, की जो दारात उभा राहून गोड हसतो आणि ऑपॉर्च्युनिटी म्हणतो, तो चहा संपेपर्यंत पासपोर्टची कॉपी मागतो. या म्हाताऱ्याने तर न सांगता दाराशी बूटसुद्धा काढले. याला कुणीतरी पढवून पाठवलाय, मला वाटलं. साबुदाण्याची खिचडी त्याने दोनदा मागून घेतली. तरी माझं मत बदललं नाही.

मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा. लहानपणापासून फास्ट बोलर, आणि तोच आमच्या घरातला दुखरा विषय. त्याचा उजवा कोपर जन्मापासून पूर्ण सरळ होत नाही. डॉक्टर म्हणाले, हाडाची ठेवण आहे, काळजीचं काही नाही. डॉक्टरांना काय जातंय म्हणायला! क्रिकेटमध्ये बोलरने कोपरातून झटका देऊन चेंडू फेकला की लेग अंपायर हात आडवा करतो, नो-बॉल. वाकलेला हात वेगळा आणि झटका वेगळा, हे मी अकॅडमीत जाऊन किती वेळा सांगितलं. ऐकतो कोण? एका मॅचमध्ये त्याच्या प्रत्येक बॉलला तो हात आडवा झाला. बाउंड्रीवर बसलेली पोरं "चकर, चकर", म्हणजे फेकणारा, असं ओरडत टाळ्या पिटायला लागली. त्यांचे आईबाप शेजारीच बसले होते, एकानेही त्यांना गप्प केलं नाही. त्या दिवसापासून पोरगं चारचौघांत डाव्या तळव्याने उजवा कोपर झाकून उभं राहायला लागलं. क्रिकेटची बॅग गाडीच्या डिकीत पडून राहिली. "काढ रे ती," म्हटलं की म्हणायचा, "लीव्ह इट, आई."

नवऱ्याची फॅक्टरी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आहे. तिथल्या स्टाफच्या मॅचमध्ये एक माणूस कमी पडला म्हणून नवऱ्याने मुलाला फक्त फिल्डिंगला उभा केला. त्याने लांबच्या बाउंड्रीवरून चेंडू फेकला, तो टप्पा न पडता थेट स्टंपवर. बाजूच्या मैदानावर हा म्हातारा नव्या बेसबॉल टीमची प्रॅक्टिस घेत होता. त्याने ते पाहिलं, आणि आता तो माझ्या सोफ्यावर बसला होता.

मी म्हटलं, आधीच सांगून टाकावं. उद्या याने पोराला आशा लावायची आणि परवा हाकलून द्यायचं, हे मला पुन्हा बघायचं नव्हतं. मी इंग्रजीत स्पष्ट विचारलं, "त्याचा कोपर वाकतो. तुमच्याकडे चालतं का?"

म्हाताऱ्याने हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "मॅडम, आमच्या खेळात पिचर चेंडू फेकतोच. कोपर वाकला नाही तर मी काय करू त्याचं?"

मुलगा बेडरूमच्या दारात उभा होता, नेहमीसारखा कोपर झाकून. त्याने तो हात हळूच खाली सोडला. म्हाताऱ्यासमोर मी रडणार नव्हते.

त्यानंतर इथल्या नव्या बेसबॉल लीगचा ड्राफ्ट झाला, म्हणजे टीमवाल्यांनी एका हॉटेलात बसून पाळीपाळीने खेळाडू निवडले. आमच्या चिरंजीवांचं नाव पार शेवटी शेवटी आलं. नवरा उठून नाचला. मी शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला विचारत होते, की इतक्या उशिरा घेतलेल्यांना नंतर काढून टाकतात का. मुलगा वैतागून म्हणाला, "आई, फॉर वन डे, जस्ट बी हॅपी ना!" मी म्हटलं, "इन्शाल्ला." तो जास्तच चिडला. इथे इन्शाल्ला म्हणजे 'होईलच असं धरू नका', हे त्यालाही माहीत आहे.

पण मॅच बघायला मी एकदाही आत गेले नाही. याला कारण आहे. मी बघायला बसले की आपली विकेट पडते. हा शोध माझ्या वडिलांचा. भारताची मॅच असली की ते मला स्वयंपाकघरात पिटाळायचे, आणि भावाचा पाय टीपॉयवर असताना चौकार गेला, तर मॅच संपेपर्यंत त्या बिचाऱ्याने पाय खाली घ्यायचा नाही. हसू येतं ना? मलाही येतं. तरी दुबईत पोराची मॅच असली की मी पार्किंगमध्ये गाडीत एसी लावून बसायचे. नवरा बाहेर येऊन अंगठा दाखवायचा, मग आम्ही घरी यायचो.

पुढे एका अमेरिकन क्लबने त्याला बोलावलं. तिकडे खालच्या लीगमधून एकेक पायरी चढत वर जायचं असतं. बहुतेक पोरं मधेच गळतात, हे म्हाताऱ्याने स्वतःच सांगितलं, आणि तिथे मला तो माणूस पहिल्यांदा जरा बरा वाटला. मुलगा गेला. बसचे लांबलांब प्रवास, छोटी गावं, पीनट बटर खाऊन झोपायचं. व्हिडिओ कॉलवर मी त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या मागची खोलीच जास्त तपासायचे.

दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं, की हा फोन कायम डाव्या हातात धरतो. पाणीही डाव्या हाताने पितो.

"उजवा हात दाखव," मी म्हटलं.

"आई, प्लीज."

"दाखव म्हटलं ना!"

कोपराला पट्टा होता. सुजलेलं दिसत होतं. त्याने टीमला सांगितलंच नव्हतं. "दे विल कट मी," म्हणाला, आणि पुढे मराठीत, जे तो सहसा बोलत नाही, "परत काढतील गं, आई." मला भडभडून आलं. त्याला कोपर लपवायला शिकवलं ते त्या टाळ्या पिटणाऱ्यांनी. आणि आता मला सांगायचं होतं, की जा, परक्या लोकांवर विश्वास ठेव. मला! जी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यालासुद्धा ओळखपत्र विचारते. मी म्हटलं, "त्या म्हाताऱ्याला फोन कर. आत्ता. मग टीमच्या डॉक्टरला दाखव. लपवलंस तर हात जाईल."

त्याने सांगितलं. त्यांनी काढलं नाही. बरेच महिने चेंडूला हात लावू दिला नाही, नुसते व्यायाम. प्रत्येक फोनला मी विचारायचे, "अजून ठेवलंय ना?" आणि तो म्हणायचा, "अजून आहे."

या वर्षी उन्हाळ्यात एका सकाळी त्याचा फोन आला. वरच्या लीगमधला एक पिचर जखमी झाला होता, आणि याला बोलावलं होतं. मेजर लीग, सगळ्यात वरची पायरी. "कदाचित खेळवतील, कदाचित नाही," तो म्हणाला. "पण तू बघ. या वेळी पार्किंग नाही."

रविवारची सकाळ होती, तिकडे शनिवारची संध्याकाळ. मी गॅसवर दूध ठेवलं आणि सोफ्याच्या कडेवर टेकले. बराच वेळ तो दिसलाच नाही. मला वाटलं, फसवलंच शेवटी. आणि मग कॅमेऱ्याने तो दाखवला, मधल्या उंचवट्यावर, लाखभर डोळ्यांसमोर उघड्या कोपराने उभा. त्याने पाय उचलला आणि फेकला. बॅट्समन हललाच नाही. मागचा अंपायर उठला आणि त्याने उजवा हात सणकन आडवा केला.

"घ्या! दिला नो-बॉल!" मी किंचाळले. "तिथेही तेच! मेल्यांनो, माहीत नव्हतं तर बोलावलंत कशाला?" रिमोट घेऊन मी टीव्ही बंदच केला. बघायला बसले आणि घात केला, एवढंच डोक्यात.

"अगं बाई, स्ट्राइक आहे तो!" नवऱ्याने रिमोट माझ्या हातातून हिसकावून घेतला. "इथे बॉल चांगला पडला की हात असा करतात!"

टीव्ही पुन्हा लागला. मुलगा दुसरा बॉल फेकत होता. अंपायरने परत हात आडवा केला. माझ्या पोरासाठी केला. पदर नव्हता म्हणून मी तोंडावर ओढणी दाबून धरली आणि ढसाढसा रडले.

आतून दूध उतू जाऊन गॅसवर फसफसल्याचा आवाज आला. नवरा उठायला लागला. मी त्याचा शर्ट धरून त्याला खाली खेचलं.

"जाऊ दे दूध," मी म्हटलं. "तो बॅट्समन आउट होईपर्यंत कुणी जागेवरून हलायचं नाही."