लाल टोपली

व्हाइटफील्डच्या आमच्या ऑफिसात दूर किनाऱ्यावरच्या एका नदीचे आणि तिच्या खाडीचे ड्रोनने काढलेले फोटो दर महिन्याला येतात. पाणी कुठे गढुळलं, तिवरं कुठे वाळली, हे माझ्या शेजारी बसणारे अण्णा बघतात. ते कानडी, याच शहरातल्या चामराजपेटचे, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. मी घाई केली की म्हणतात, "स्वल्प थांब गं. आधी बाई आहे का बघू दे."

बाई म्हणजे ओहोटीच्या वेळी चिखलात शिंपल्या वेचणारी एक म्हातारी. वरून तिचं पांढरं डोकं आणि लाल टोपली एवढंच दिसतं. एका महिन्यात ती दिसेना. अण्णांनी काम थांबवलं आणि ड्रोन उडवणाऱ्याला फोन करून चौकशीला पाठवलं. ती लेकीकडे गेली होती. "सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले, आणि मग पाण्याकडे वळले.

फोटो पुढे पाठवण्याआधी त्यातली माणसं पुसायची, असा नियम आहे. परवाच्या फोटोत ती परत दिसली. अण्णांनी चष्मा सारखा केला आणि तिला हळूच पुसलं. टोपली मात्र तशीच ठेवली. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "टोपली म्हणजे माणूस नव्हे की."