मी हॉलभर झाले तेव्हा

मी उपकेंद्रात नर्स. गावोगावची बाळं काट्यावर ठेवून वजनं लिहिते, पण स्वतः काट्यावर उभं राहायची वेळ आली की मला लगेच दुसरं काम आठवतं. लहानपणापासून मी जाडी. शाळेत कवायतीला मागच्या रांगेत, लग्नाच्या फोटोंत दुसऱ्यांच्या आड. त्यामुळे ब्रह्मपुरीजवळच्या विहारात दहा दिवसांचं ध्यान शिबिर लागलं आणि थोरली जाऊ म्हणाली, "चाल, बसून पाहू," तेव्हा मला पहिली काळजी वाटली ती मांडी घालण्याची.

जाऊ काडीसारखी. दोघी शेजारी बसलो. बोलायचं नाही. पहिले तीन दिवस नुसता नाकपुडीशी श्वास पाहायचा, मग डोक्यापासून पायापर्यंत अंग मनानं चाचपायचं. तेही तासभर न हलता. माझे गुडघे असे ओरडायचे, की वाटायचं शेजारणीला ऐकू जातील.

सहाव्या दिवशी सकाळी माझे तळहात गेले. म्हणजे मांडीवरच होते, पण शोधू गेले तर नुसती झिणझिण, सोड्याच्या फेसासारखी. मग दंड गेले, पोट गेलं. जे पोट पदराआड लपवण्यात माझी वीस वर्षं गेली, ते पोटच नाही! कातडी कुठं संपते ते कळेना. मी पसरत पसरत भिंतींना लागले, वर टिनाच्या छताला टेकले. वजन काहीच नाही. आता आपण उडतो अशी खात्रीच पटली. घाबरून मी शेजारी हात मारला आणि जावेचा पदर गच्च धरला. तिनं डोळे उघडले, माझं तोंड पाहिलं आणि फिस्सकन हसली. मग मी. मग बायकांची अख्खी रांग. हसताना पोट धरावं, तर ते सापडेना!

शिबिर घेणारे निवृत्त हेडमास्तर होते. त्यांच्याशी तेवढं बोलायची मुभा होती. दुपारी त्यांनी बोलावलं.

"काय झालं बाई?"

"सर, मी हॉलभर झाली जी."

"बरं," ते शांतपणे म्हणाले. "उद्या नाई होणार. तेही पाहा."

खरंच नाही झाले. पुढचे दिवस तळहात कधी जातात याची वाट पाहत बसले, ते ढिम्म. गुडघे मात्र रोज हजर. पण आता त्यांचा राग येईना, उलट हसूच येई.

दहाव्या दिवशी मौन सुटलं, तशी जाऊ मला कोपऱ्यात घेऊन गेली. "तुले सांगू? मले उलटंच झालं. मी जड झाली वो! धानाच्या भरल्या पोत्यावानी. लोकं जन्मभर म्हणत आले, वाऱ्यानं उडशील. लय बरं वाटलं मले."

परतीची जीप खचाखच. ड्रायव्हर माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाई, तुमी मंधात बसा, गाडी कलते."

एरवी माझे कान तापले असते. पण जाऊच मला ढकलून पुढं घुसली. "मीबी मंधात बसतो. मीबी जड आहो."

ड्रायव्हर तिच्या मनगटांकडे बघतच राहिला. आम्ही दोघी एकमेकींच्या अंगावर पडून इतक्या हसलो, की त्यानं गाडी सुरू करायच्या आधी मागं वळून विचारलं, "त्या विहारात काय खाऊ घालतात वो?"