मागचा पाय बघणारे आबा

रंगनाथआबा मला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्यांनी माझी स्कूटी बघितली. अंबड तालुक्याच्या टोकाला, गोदावरीच्या काठावरच्या त्या गावात शाळेवर माझी बदली झाली होती, आणि आबांच्या घराला लागून असलेली खोली मी भाड्याने घेणार होते. आबा ओट्यावरून उतरले, हँडल धरून गाडी हलवली, मागचं चाक फिरवून त्याला कान लावला आणि म्हणाले, "बाई, इकणाऱ्यानं फसवलं तुम्हाला. मागचं बेरिंग गेलंय." मग डोक्यावरचा पांढराशुभ्र रुमाल सारखा करत त्यांनी विचारलं, "नाव काय म्हणलात?" मी अजून नाव सांगितलंच नव्हतं.

जुनी वस्तू घ्यायची म्हटलं की पंचक्रोशीतली माणसं आबांना बोलवायला यायची. बैलजोडी असो, ट्रॅक्टर असो, विहिरीवरची मोटार असो. आबा दोन दिवस आढेवेढे घेत आणि तिसऱ्या दिवशी इस्त्रीचं धोतर नेसून तयार होत. आपल्या या मोठेपणाची त्यांना चांगलीच जाणीव होती आणि ती लपवायची त्यांना गरज वाटत नसे. विकणारा माणूस गुण सांगायला लागला की ते हात वर करून त्याला थांबवत. "तुम्ही जरा गप ऱ्हावा. मालकाला काय इचारायचं? मालाला इचारतो म्या." आणि खरंच ते त्या वस्तूजवळ उकिडवे बसून तिला हात लावत, वास घेत, कान देत. बघणाऱ्याला वाटावं, दोघांचं काहीतरी खासगी बोलणं चाललंय.

जाताना ते खांद्यावर नवाकोरा कासरा टाकून जात. आमच्याकडे बैल विकला की त्याचं दावं विकणारा काढून घेतो. घेणाऱ्याने आपली दोरी आणायची. आबांनी ही रीत बैलांपुरती ठेवली नव्हती. मोटार आणायला गेले तरी कासरा बरोबर असे. वस्तू पसंत पडली की ते तो बांधत, आणि नाही पडली तर कासरा तसाच परत येऊन ओट्यावरच्या खुंटीला लागे. आबा काय ठरवून आले हे गावाला त्या खुंटीवरूनच कळायचं.

त्यांची एकुलती एक मुलगी शारदा माझ्याच वयाची. त्या गावात माझं जे काही मन रमलं ते तिच्यामुळे. ती बापाची मनसोक्त थट्टा करायची. "आबा मला पाळण्यातून उचलायच्या आधी पाळणा हलवून बघत व्हते, कुरकुरतो का म्हणून," असं ती त्यांच्यासमोरच सांगायची आणि आबा खुशीत येऊन मिशीत हसायचे. तिच्यासाठी नदीपलीकडच्या गावातलं स्थळ आलं तेव्हा ते न सांगता तीनदा तिकडे जाऊन आले. आल्यावर म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. तहानून घरी आल्तं, तरी आधी जनावरांना पाणी पाजलं, मंग सोता प्यालं." दत्ताला त्यांनी एवढ्यावर पसंत केलं, आणि त्यांची पारख चुकली नाही. शारदा तिथे सुखात होती.

तेव्हा उन्हाळ्यात नदीचं पात्र कोरडं पडे आणि शारदा वाळूतून चालत माहेरी येई. पुढे खाली बंधारा झाला आणि पात्रात बारमाही पाणी तुंबलं. विहिरींना पाणी आलं, उसाचं रान वाढलं, सगळं खरं. पण समोर दिसणारं गाव पुलाच्या फेऱ्याने गाडीनेही सगळी सकाळ खाऊ लागलं. थर्माकोलच्या तराफ्यावर मासे धरणारे तेवढे इकडून तिकडे जात. आपली एक मोटारबोट असावी, असं दोन्ही काठच्या लोकांनी ठरवलं. दुसऱ्या जिल्ह्यात एका धरणावर सहलीच्या बोटी चालवणाऱ्याचा धंदा बसला होता आणि तो बोट विकणार होता. बघायला जाताना आबा पुढे असणार हे कुणी बोलायचीही गरज नव्हती. सरपंच आणि इतर मंडळी जीपने गेली. आबा माझ्या स्कूटीवर मागे बसले, कारण जीपच्या ड्रायव्हरचा क्लचवरचा पाय त्यांना पसंत नव्हता.

बोट काठावर ओढून ठेवली होती. नवा रंग दिलेला, आत लाल गाद्या. सरपंच गादीवर बसूनही आले. आबा थेट मागे गेले. त्या बोटीचं इंजिन आत होतं आणि त्याला जोडलेला लोखंडी दांडा मागून बाहेर येऊन खाली उतरत होता, त्याच्या टोकाला पंखा. विकणारा म्हणाला, "याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात, काका." आबा म्हणाले, "मंजी मागचा पाय. सगळी ताकद हितंच असती." त्यांनी तो पाय दोन्ही हातांनी धरून हलवला. पाणी आत जाऊ नये म्हणून सांध्यावर चढवलेल्या रबरी भात्याच्या घड्या उलगडून बघितल्या, तिथे चिरा होत्या. पंखा काढायला लावला, तर मागे दांड्याला मासेमारीचा नायलॉनचा दोरा आवळून बसला होता. शेवटी त्यांनी तळाचा स्क्रू सैल केला आणि आतलं तेल तळहातावर घेतलं. ते स्वच्छ यायला हवं होतं. आलं ते दूध घातलेल्या चहासारखं.

"पाणी शिरलंय आत," आबा म्हणाले. "न्हाई घ्यायची."

विकणारा म्हणाला, चालतेय की, हे वर्ष तर आरामात जाईल. सरपंचही म्हणाले, "आबा, सध्या घेऊ, दुरुस्तीचं पुढं बघू. पावसाळा तोंडावर आलाय." आबांनी हात वाळूत पुसले. "बैल रस्त्यात बसला तर खाली उतरून शेपूट पिळता येती. धारंत ही बसली तर कुठं उतरायचं? बायका, लेकरं बसणार हायेत हिच्यात." कासरा त्यांनी पुन्हा खांद्यावर टाकला. येताना वाटेत ते एकदाच बोलले. "शारदीला सांगा बाई, दिवाळीपर्यंत चांगली बघतो म्हणावं."

त्याच पावसाळ्यात, कापूस खुरपताना शारदाला साप चावला.

ग्रामीण रुग्णालय आमच्या काठाला जवळ होतं, म्हणून दत्ताने तिला जीपमधून आधी पलीकडच्या घाटावर आणलं. कुणीतरी मला शाळेतून बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा आबा पाण्याच्या कडेला उभे होते. बंधाऱ्याची दारं उघडलेली होती आणि नदीला धार होती. मोटारबोटीला ती धार काहीच नव्हती. तराफा मात्र दोनदा घातला आणि दोनदा तो खाली वाहत जाऊन आमच्याच काठाला लागला. पलीकडे दत्ता दिसत होता, आणि त्याला टेकून बसलेली शारदा. आबा धोतर खोचून पाण्यात शिरले. तेवढ्यात माझा फोन वाजला. शारदाच होती. मी मागोमाग पाण्यात जाऊन फोन आबांच्या कानाला लावला. तिचा आवाज मलाही ऐकू येत होता, जड झालेला. "आबा, तुम्ही पाण्यात नका उतरू. आम्ही पुलावरून येऊन राह्यलो."

जीप वळून वर गेली. आम्ही रुग्णालयाच्या दारात जाऊन थांबलो. जीप आली, पण तिच्यात शारदा उरली नव्हती.

माझी मैत्रीण गेली, आणि मला रडायलाही जागा नव्हती, कारण शेजारच्या घरात आबा होते. त्यांच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण गाव म्हणजे गाव. पाणवठ्यावर, टपरीवर, शाळेच्या भिंतीआड तेच चाललेलं असे. ती बोट घेतली असती तर. एक खेप तर झाली असती. पुढे आणखी एक गोष्ट कळली. ती बोट एका मासळीच्या ठेकेदाराने घेतली होती आणि त्या सबंध पावसाळ्यात ती धरणावर बिनतक्रार चालली. मला हे सरपंचांनी सांगितलं आणि म्हणाले, "बाई, हे आबांपर्यंत जाऊ देऊ नका." आम्ही जाऊ दिलं नाही. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

आबांकडे आता कुणी काही बघायला बोलवायला येईना. ते ओट्यावर बसत आणि खुंटीवरचा कासरा तिथेच असे. त्यांचा रुमाल मळलेला मी तेव्हाच पहिल्यांदा बघितला.

वर्षाने दुसऱ्या एका बोटीचं कळलं. आबांना कसं विचारायचं, या विचारात मंडळी जीपपाशी घुटमळत होती. आबा स्वतःच कासरा घेऊन बाहेर आले आणि माझ्या स्कूटीवर बसले. बोट पाण्यात होती, ती आधी काठावर ओढायला लावली. त्यांनी सगळं पहिल्यासारखंच केलं. पाय हलवला, भाता उलगडला, तेल तळहातावर घेतलं. तेल स्वच्छ होतं. सरपंचांनी श्वास सोडला. मग आबांनी ती पुन्हा पाण्यात लोटून, इंजिन चालू करून सुकाणू पार डावीकडे फिरवायला लावलं, मागे वाकले आणि कान दिला. बराच वेळ ते तसेच होते.

"गुरगुरतंय," ते म्हणाले. "आतलं बेरिंग जायला लागलंय. न्हाई."

सरपंच खाली बसले. हळूच म्हणाले, "आबा, आता तरी..."

"आता तरीच बघावं लागतं, भाऊ," आबा म्हणाले. "माझी गेली. दुसऱ्याच्या लेकी हायेत ना पलीकडं."

विकणाऱ्यानेच आपणहून बेरिंग बदलून द्यायचं कबूल केलं. आबा परत गेले, पुन्हा कान दिला, मान हलवली आणि बोटीच्या नाकाला कासरा बांधला. ती बोट आजही आमच्या घाटावर आहे. तिच्यातून बाळंतिणी आल्या, परीक्षेची पोरं आली, एकदा तर अख्खं वऱ्हाड आलं. आबा घाटावर बसून बघत, पण तिच्यात ते कधी बसले नाहीत. दत्ता न्यायला आला तरी नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी अंथरूण धरलं. शाळा सुटली की मी जाऊन बसायची. एका दुपारी ओट्यावर ऊन आलं होतं, खाट उन्हात ओढली होती, आणि आबा डोळे मिटून पडले होते. तसेच डोळे न उघडता म्हणाले, "बाई, ती पहिली बोट. एक खेप झाली आसती का हो?"

मला इतकी वर्षं याच प्रश्नाची भीती वाटत होती. मी म्हणाले, "नाही आबा. नसती झाली. मधल्या धारेतच बंद पडली असती."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे असं बघितलं, जसं आजवर फक्त वस्तूंकडे बघत आले होते. "तुम्हाला खोटं जमत न्हाई, बाई," ते म्हणाले. "म्या जाऊन आल्तो. शारदी गेली त्याच पावसाळ्यात, एष्टीनं. दिसभर काठावर बसलो. पोत्यांची ओझी भरून चालत व्हती ती. सांजंला काठाला लागली तवा हात लावून बघितला. पाय तोच व्हता. तेल तसंच दुधाळ."

मला रडू आवरेना. "मग मला का विचारलंत, आबा?"

"मालाला इचारून झालं," आबा म्हणाले. "त्यानं तर सांगितलं. म्हणलं, एकदा माणसाला इचारावं."

खुंटी रिकामी होती. त्यांनी माझा हात धरला, घट्ट, वस्तू हलवून बघताना धरत तसा, आणि पुन्हा डोळे मिटले.

"परत म्हणा," ते म्हणाले.

"नसती झाली, आबा. मधेच बंद पडली असती."

"बराबर," आबा म्हणाले.

त्यानंतर ते आठवडाभर होते. मी रोज गेले, आणि रोज त्यांनी विचारलं.